संजीवनीचा तट उभा राहिला! (राजगड, अपडेट ४)

मंडळी, आज सकाळी पार्किंगच्या कोपऱ्यात जाऊन पाहिलं तर आमच्या दिवाळीच्या मातीच्या राजगडावर संजीवनी माचीचा (माची म्हणजे गडाच्या सोंडेवरचा तटबंदीचा भाग) बाहेरचा तट जागच्या जागी, एकही भेग नाही. तीनदा पडून चौथ्यांदा उभा राहिलाय, म्हणून आधी त्याचंच लिहितेय.

सांगाडा मागच्यासारखाच, विटा, दगड आणि वर चिखलात बुडवलेलं गोणपाट. पद्मावती माची दोन दिवसांत झाली. सुवेळा माचीचं नेढं (खडकातलं आरपार भोक) सुद्धा पाइपचा तुकडा आडवा घालून जमलं, आणि लेकीने (वय ५) त्यातून हात आरपार घातला तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. अडलं ते संजीवनीला. तिची ओळखच दुहेरी तटबंदी, दोन तटांमध्ये अरुंद वाट, म्हणजे बाहेरचा तट फोडून शत्रू आत आला तरी समोर दुसरा तट आणि तो कोंडीत सापडला. हे भाच्याला (वय ९) सांगितल्यापासून त्याचं एकच, मधली फट खरी हवी, रेघ मारून चालणार नाही. मलाही ते पटलं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे १२ किल्ले गेले त्यात राजगड आहे, सोसायटीतली मोठी माणसं पण थांबून बघतायत, त्यांना माची ओळखू तर यायला हवी.

पहिला प्रयत्न शेतातल्या काळ्या मातीचा. पोळी लाटून पट्ट्या कापल्या आणि उभ्या केल्या, छान दिसल्या, पण दुसऱ्या दिवशी दर तीन-चार इंचांवर भेग. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तेवढीच आकसते, तटाला ती एकटी वापरूच नका. मग नर्सरीतून लाल मातीची गोणी आणली, अर्धा मुरूमच निघाला त्यात, चाळून चाळून हात दुखले. भेगा नाही पडल्या पण बोट लावलं की भुगा. तिसऱ्यांदा दोन भाग काळी, एक भाग वाळू आणि मूठभर भाताचं तूस. (शेण घाला असं बऱ्याच जणांनी सुचवलं होतं, पण मुलं दिवसभर त्यातच हात घालून असतात म्हणून नको म्हटलं.) हे मिश्रण एकदम बरोबर होतं, तरी तट पडला! कारण वरच्या उतारावर अळीव पेरलेला, मुलांनी त्याला मगाने पाणी घातलं, ते गोणपाटातून झिरपत तटाच्या बुडाशी आलं आणि सगळी रांग बाहेरच्या बाजूला कलली. भाचा रडला. मलाही फार वाईट वाटलं, वसुबारसेला चार दिवस राहिलेत.

त्याच संध्याकाळी आई कडबोळी वळत होती आणि लेक शेजारी बसून उरलेल्या चिखलाच्या तशाच वळ्या करत होती, एकीवर एक रचत, आणि त्या उभ्या राहत होत्या!! लगेच तेच मिश्रण चकलीच्या पिठाएवढं घट्ट मळलं, दोघांनी करंगळीएवढ्या वळ्या केल्या, मी प्रत्येक थर काट्याने ओरखडून पातळ चिखल लावून बसवला. दिवसाला दोनच थर, वरून ओलं फडकं, म्हणजे सावकाश वाळतं. मधल्या फटीत जुन्या सुती साडीची घडी घातली, ती मऊ असल्यामुळे माती आकसली तरी दबते, भेग पडत नाही. आणि पाणी आता फक्त स्प्रेच्या बाटलीने.

अळिवाबद्दल एवढंच, कड्यांना त्याच्यासारखं काही नाही. भिजवला की जो बुळबुळीतपणा येतो त्यानेच तो उभ्या उतारावर चिकटून राहतो, तिसऱ्या दिवशी कोंब. गहू कुंडीत बरा, किल्ल्यावर ताडाएवढा दिसतो. मावळे कुंभारवाड्यातले मातीचेच घेतले, पीओपीवाल्यांचे भाले लगेच तुटतात.

आता बुरूज. ते भरीव करणार होते, पण हे लिहिताना डोक्यात आलं की संजीवनीचे बुरूजही चिलखतीच आहेत, बुरुजाला बाहेरून दुसऱ्या बुरुजाचं कवच, मग तेही वळ्यांनीच का नाही? आतला छोटा वाटीवर थापायचा, बाहेरचा त्याच्याभोवती फट ठेवून वळ्यांनी चढवायचा. पोकळ असल्यामुळे सगळीकडून सारखा वाळेल. म्हणजे आज पद्मावती तलाव करायचा होता तो राहिला, आरशाचा तुकडा आणलाय तो थांबेल. बालेकिल्ल्याचा गेरूही उद्यावर.

वाटीला माती चिकटू नये म्हणून तेल लावू का राख? तेलाने वरचा गेरू धरत नाही असा माझा अनुभव आहे. राखेने कोणी केलं असेल तर रात्रीपर्यंत सांगा, मुलं सकाळी सातलाच खाली जाऊन बसतात.