रॉकेटचा तुकडा बागेत पडला तर पंचनामा कोण करणार?

२०२२चा पाडवा आठवतोय का? २ एप्रिल, संध्याकाळी आठच्या आसपास आकाशातून पेटते गोळे ओळीने सरकत गेले आणि व्हॉट्सॅपवर कोणी उल्का म्हणे, कोणी मिसाईल. नंतर कळलं की चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची भली मोठी रिंग येऊन पडली, जवळपास तीन मीटर व्यासाची. कुणाला लागलं नाही हे नशीब. जाणकारांच्या मते तो चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तुकडा, २०२१च्या फेब्रुवारीत सोडलेला, म्हणजे वर्षभर वर घिरट्या घालून खाली आलेला.

हल्ली स्पेसच्या बातम्यांनी सगळे खूश आहेत आणि मी पण आहे. स्कायरूट या आपल्या खाजगी कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम-एस रॉकेट उडवलं, अग्निकुल या दुसऱ्या खाजगी कंपनीने मे २०२४ मध्ये थ्रीडी प्रिंट केलेल्या इंजिनावर रॉकेट सोडलं, इस्रोच्या एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटच्या तंत्रज्ञानाची बोली विमानं बनवणाऱ्या सरकारी एचएएलने ५११ कोटींना जिंकली (आपल्या नाशिकजवळ ओझरला एचएएल आहे म्हणून इकडे जरा जास्तच कॉलर ताठ). पण मी पडलो विम्याच्या धंद्यातला माणूस, माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो की नुकसान झालं तर भरणार कोण?

शोधत बसलो तर गंमतच निघाली. १९७२चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात जमिनीवर नुकसान झालं की रॉकेट सोडणाऱ्या देशाने भरपाई द्यायची, चूक कुणाची वगैरे काही बघायचं नाही, आणि कंपनी खाजगी असली तरी सुटका नाही, जबाबदार देशच. फक्त क्लेम आपण नाही टाकायचा, आपल्या सरकारने त्यांच्या सरकारकडे टाकायचा, तोही वर्षभरात. १९७८ला रशियाचा अणुभट्टीवाला कॉसमॉस ९५४ कॅनडात पडला, कॅनडाने ६० लाख कॅनेडियन डॉलर मागितले आणि १९८१ला ३० लाखांवर मिटलं. थोडक्यात सेटलमेंट सगळीकडे सारखीच.

पण खरी मेख पुढे आहे. हा करार ज्या देशाने रॉकेट सोडलं त्याच्या स्वतःच्या नागरिकांना लागूच होत नाही! म्हणजे चिनी तुकडा निफाडच्या बागेत पडला तर दिल्ली बीजिंगशी बोलेल, पण भारतीय कंपनीचा पडला तर आपला आपल्याच कायद्यावर भरवसा, आणि तो कायदाच अजून झालेला नाही. २०१७ला स्पेस ॲक्टिव्हिटीज बिलाचा मसुदा आला होता, पुढे २०२३ला स्पेस पॉलिसी आली, इन-स्पेस ही सरकारी संस्था खाजगी कंपन्यांना परवानगी देते, सगळं ठीक, पण पॉलिसी म्हणजे कायदा नव्हे राव. अमेरिकेत लायसन्स हवं तर कंपनीला थर्ड पार्टी विमा दाखवावाच लागतो, कमाल ५० कोटी डॉलरपर्यंत, त्याच्या वरचा भार ठराविक मर्यादेपर्यंत सरकार उचलतं. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये रॉकेट कंपन्यांत ४९ टक्के परकीय पैशाला ऑटोमॅटिक दार उघडून झालं, पैसा येण्याची घाई आधी.

शक्यता फार कमी आहे हे मान्य, श्रीहरिकोटाहून उडालेल्या रॉकेटचे खालचे टप्पे समुद्रातच जातात, पण कक्षेत पोचलेला टप्पा कुठे उतरेल ते लाडबोरीने बघितलंय. आणि आपला फळपीक विमा चालतो हवामानावर, पाऊस, तापमान, गारपीट. वरून पडलेलं लोखंड त्यात कुठल्या कॉलममध्ये बसवायचं ते आता तलाठी भाऊसाहेबांनीच सांगावं.