आडवे सात, चार अक्षरी

सकाळचा चहा आणि शब्दकोडं, हा माझा रोजचा नेम. पेनानेच सोडवते. कालचा आडवा सात होता, ‘तीन हृदयं असलेला समुद्री जीव’, चार अक्षरी. मी लगेच ‘ऑक्टोपस’ लिहिलं. पण शेवटच्या चौकटीतून खाली जाणारा शब्द होता ‘दवबिंदू’, आणि तिथे ‘स’ बसेना. बराच वेळ अडले. मग उजेड पडला: अष्टपाद! जोडाक्षर एकाच चौकटीत बसतं, म्हणून दोन्ही शब्द चारचेच.

उत्तर मिळालं तरी ती तीन हृदयं डोक्यातून जाईनात, म्हणून वाचत बसले. दोन हृदयं कल्ल्यांकडे रक्त ढकलतात, तिसरं उरलेल्या शरीराकडे. पोहताना हे तिसरं थांबतं, त्यामुळे तो लवकर दमतो आणि सरपटणं पसंत करतो. रक्तात लोहाऐवजी तांबं असल्यानं ते निळं! किती सुंदर आहे हे.

पहिलं शब्दकोडं आर्थर विन यांनी 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये दिलं, तेही शंकरपाळ्याच्या आकाराचं. हेसुद्धा मला एका कोड्यानंच शिकवलं.

आजचा उभा तीन अजून रिकामाच आहे.