या बाई तुमच्या कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. भिंतीवरचा तो तपकिरी फोटो बघून घरी येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा हेच विचारतो. नात्याने माझ्या कुणीच नाहीत. त्या लंडनच्या लायसियम थिएटरमधल्या नटी एलन टेरी, शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकातल्या लेडी मॅकबेथच्या वेषात. १८८८च्या डिसेंबरअखेर नट हेन्री अर्व्हिंग यांच्यासोबत त्या ही भूमिका घेऊन उभ्या राहिल्या, आणि बेकर स्ट्रीटच्या विंडो अँड ग्रोव्ह स्टुडिओत याच पोशाखात त्यांचे फोटो निघाले.

नटनट्यांचे असे फोटो तेव्हा दुकानात विकत मिळायचे. सव्वाचार बाय साडेसहा इंचांच्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेलं ते कॅबिनेट कार्ड. त्याआधीची, १८६०च्या दशकातली कार्डं तर तळहातात मावतील एवढी, अंड्यातल्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावर छापलेली. त्या काळी फोटो निघेपर्यंत काही सेकंद निश्चल उभं राहावं लागे. मान हलू नये म्हणून मागे लोखंडी स्टँड लावत. जुनं कार्ड हाती आलं की मी आधी पावलांकडे बघते. झग्याच्या घोळामागून त्या स्टँडचा पाया डोकावताना दिसला की मला फार जवळचं वाटतं. समोर प्रेक्षक नाहीत, संवाद नाहीत, दिवसाउजेडी ती बाई श्वास धरून राणी झालेली आहे.

तो खांदा, ती बोटं, मानेचा तो कल नाटकाच्या परीक्षणात सापडत नाही. म्हणून मी जमवते.

टेरींचा तो झगा हिरवा होता. त्यावर भुंगेऱ्यांचे चमकदार हिरवे पंख शिवले होते. जॉन सिंगर सार्जंट यांनी १८८९मध्ये त्याच झग्यात त्यांचं मोठं तैलचित्र केलं, त्यात तो रंग भरभरून आहे. खुद्द झगा केंटमधल्या त्यांच्या घरी, स्मॉलहाइथ प्लेसला जपून ठेवलाय. माझ्या कार्डात हिरवं काहीच नाही. तरी चित्रापेक्षा मला कार्डच प्रिय. चित्र एकच, कार्ड मात्र नाटक बघून आलेल्या कुणालाही घरी नेता येई.

माझ्याकडचंही असंच कुणीतरी नेलं होतं. मागच्या बाजूला पेन्सिलीने, पुसट अक्षरात, इंग्रजीत दोनच शब्द आहेत: दुसऱ्यांदा पाहिलं.