एचआरचा माणूस शॉपवर दिसला पाहिजे

वाळूजच्या आमच्या प्लांटमध्ये प्रॉडक्शनची मंडळी चहाला एकत्र आली की एचआरबद्दल त्याच तक्रारी निघतात. माणसं मागितली की महिना लावतात. दिलेली पोरं टिकत नाहीत. आणि आपण काही करायला गेलो की 'असं करता येणार नाही' असा मेल येतो. मी सुपरवायझर म्हणून लागलो, आता मशीन शॉप, म्हणजे जिथे मशीनवर पार्ट बनतात तो विभाग, माझ्याकडे आहे, त्यामुळे या तक्रारी मला पाठ आहेत आणि त्यात तथ्यही आहे. पण यातलं बरंचसं काम मुळात आपलं, लाइनवाल्यांचं आहे आणि आपण ते एचआरच्या गळ्यात घालून मोकळे होतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

गैरहजेरीचंच बघा. एचआरच्या रिपोर्टात वर्षाची सरासरी येते आणि त्या सरासरीवर मॅनपॉवर मंजूर होते. शॉपवर मात्र सरासरी कधीच येत नाही. मृगाचा चांगला पाऊस झाला की गंगापूर, पैठण, वैजापूरकडची पोरं पेरणीला जाणार. घरी चार एकर आहे आणि बाप थकलाय, तर तो जाणारच, नोटीस लावा नाहीतर पगार कापा. फाल्गुनात नाथषष्ठी आली की पैठणच्या बाजूची दोन-तीन दिवस दिसत नाहीत. कापसाची वेचणी, लग्नसराई, सगळ्याचे आठवडे ठरलेले आहेत. त्या आठवड्यात सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन) बंद राहते, ग्राहकाचा फोन सुरू होतो आणि मग सगळे मिळून एचआरला शिव्या घालतात.

आता हे कोणाला आधी कळतं? एचआरच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाला कळण्याचा मार्गच नाही. ते सुपरवायझरला कळतं, कारण तो रोज त्या पोरांबरोबर डबा खातो. म्हणून एप्रिल संपता संपता मी सुपरवायझरांना घेऊन बसतो. कोणाची शेती स्वतःची, कोणाचा भाऊ घरी आहे, कोणाच्या घरचं लग्न ठरलंय, हे नावानिशी लिहून काढतो आणि ती यादी एचआरच्या मॅडमना देतो. त्या हिशोबाने आयटीआयची ट्रेनी पोरं मे महिन्यातच आत येतात. नवीन पोराला गेज (माप तपासायचं साधन) धरायला आणि ऑफसेट (मशीनमध्ये भरायची मापाची दुरुस्ती) समजायला तीन-चार आठवडे लागतातच. जूनमध्ये आणून उभा केला तर तो जॉब (मशीनवर लावलेला पार्ट) बिघडवून रिजेक्ट करण्यापलीकडे काय करणार? दुसरा फायदा असा की जाणारा आता सांगून जातो, कारण त्याची रजा आधीच मंजूर असते. सांगून गेलेला माणूस सांगितलेल्या दिवशी परत येतो, हा माझा अनुभव आहे.

शिस्तीच्या बाबतीत तर लाइनवाल्यांचा एचआरवर फार राग. 'सस्पेंड करा म्हटलं की करत नाहीत.' हे म्हणणाऱ्या किती जणांना माहीत असतं, की चौकशी चालू असताना सस्पेंड केलेल्या कामगाराला पहिले 90 दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून द्यावा लागतो आणि त्यानंतर कामगारामुळे उशीर झालेला नसेल तर 75 टक्के? चौकशी नीट झाली नाही तर प्रकरण कोर्टात टिकत नाही. शिक्षा गुन्ह्याच्या मानाने फार जबर असेल तर तीही टिकत नाही. आपल्या महाराष्ट्रात 1971च्या कायद्याने अशी शिक्षा ही अनुचित कामगार प्रथाच, म्हणजे मालकाला मनाई असलेली वागणूक, ठरवली. हे सगळं एचआरला सांभाळावं लागतं, आणि आपल्याला ते फक्त 'नाही' म्हणताना दिसतात.

मागे आमच्या एका सुपरवायझरने एका ऑपरेटरविरुद्ध तक्रार दिली. 'सदर कामगार उद्धट वागतो, काम टाळतो, तरी कडक कारवाई व्हावी.' एवढंच. मॅडमनी त्याला बोलावलं, मीही सोबत गेलो.

"कधी उद्धट बोलला?"

"नेहमीच, मॅडम."

"नेहमीच नको. एक दिवस सांगा. कुठली शिफ्ट, कुठलं मशीन, काय शब्द वापरले आणि शेजारी कोण होतं."

"अहो, सगळ्या शॉपला माहीत आहे."

"शॉपला माहीत असून चौकशीत चालत नाही. ज्याने पाहिलं त्याला येऊन सांगावं लागतं आणि समोरचा त्याची उलटतपासणी घेतो. तुमचीही घेईल."

सुपरवायझर वैतागला, पण बसून लिहायला लागला. सेकंड शिफ्ट, जेवणाच्या सुट्टीनंतर दुसऱ्या मशीनवर जॉब लावायला सांगितला, तो म्हणाला, 'मी लावणार नाही, दुसऱ्याला सांगा,' आणि जागा सोडून निघून गेला. मॅडमनी लगेच विचारलं, "दुसऱ्या मशीनवर का?" तेव्हा बाहेर आलं, की दोन आठवडे त्या ऑपरेटरकडे दोन मशीन दिलेली होती. शेजारचा रजेवर होता म्हणून. युनियनबरोबरच्या करारात त्या सेलला (मशीनच्या त्या गटाला) एक माणूस एक मशीन असं ठरलेलं आहे. त्याने दोनदा तोंडी सांगितलंही होतं. सुपरवायझरने ते माझ्यापर्यंत आणलंच नव्हतं.

चार्जशीट निघाली नाही. न विचारता मशीन सोडून गेल्याबद्दल त्याला ताकीदपत्र दिलं, दुसऱ्या दिवशी शेजारच्या मशीनवर माणूस दिला, आणि सुपरवायझरला मी वेगळं बसवून बोललो. त्या दिवशी मॅडमनी पहिलीच चिठ्ठी पुढे पाठवली असती तर आम्ही चौकशीत तोंडावर आपटलो असतो आणि एक चांगला ऑपरेटर गमावला असता. असे प्रश्न विचारणारी एचआर मला हवी आहे.

जुने लोक एचआरला अजून 'पर्सोनेल' म्हणतात. टाइम ऑफिस, मस्टर, कॅन्टीन, बस, युनियन, सगळं तिकडेच असायचं. त्याचं मूळ बघितलं तर 1948च्या फॅक्टरी अ‍ॅक्टात 500 किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं सक्तीचं केलं, तिथपर्यंत जातं. तो माणूस शॉपवर फिरायचा, कामगाराच्या घरचं त्याला ठाऊक असायचं. आता त्याच खात्यात 'बिझनेस पार्टनर' अशी पदं आली आणि कामाचा दिवस लॅपटॉपवर जातो. बदललेल्या नावाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण शिफ्ट बदलताना गेटवर अर्धा तास उभं राहिलं तर महिन्याच्या रिपोर्टात न येणाऱ्या गोष्टी कळतात, आणि ते काम बंद झाल्याचं मला वाईट वाटतं. मॅडमना मी हे तोंडावर सांगितलं. त्या आता आठवड्यातून एकदा सेकंड शिफ्टच्या सुरुवातीला येतात.

एका गोष्टीवर मात्र आमचं अजिबात जमत नाही, ती म्हणजे अप्रेझलमधला (वर्षाच्या कामाच्या मूल्यमापनातला) बेल कर्व्ह, म्हणजे ठरावीक टक्के लोकांना वरचं, मधलं आणि तळाचं रेटिंग द्यायची सक्ती. माझ्याकडे सहा इंजिनिअर आहेत. सहाही जण मी निवडून घेतलेले, तरी दरवर्षी त्यातल्या एकाला तळाचं रेटिंग द्यायचंच, कारण टक्केवारी बसली पाहिजे. शंभर माणसांच्या खात्यात ही पद्धत कदाचित चालत असेल. सहा जणांत ती अन्याय करते, आणि तो अन्याय सांगायला केबिनमध्ये मला बसावं लागतं. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीने अशी सक्तीची क्रमवारी 2013 साली सोडून दिली. आमच्याकडे अजून चालू आहे.

मॅडम म्हणतात, नियम त्यांचा नाही, वरून आलाय. हे मला मान्य आहे. म्हणून यंदा मी त्या सुपरवायझरला लावलेलीच पद्धत वापरतोय. प्रत्येक इंजिनिअरने कुठल्या महिन्यात काय केलं, कुठल्या जॉबचं रिजेक्शन खाली आणलं, ब्रेकडाउनला रात्री कोण आलं, हे तारखेनिशी लिहून ठेवलंय. मार्चच्या बैठकीत सहाजणांची सहा पानं टेबलावर ठेवणार, आणि यातला तळाचा कोण ते वरच्यांनी दाखवावं असं म्हणणार. मॅडमनी त्या बैठकीला प्लांट हेडना बोलवायचं कबूल केलंय.