सात वर्षे म्हणजे सातच वर्षे

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागातील एका यंत्रमाग कारखान्यात टॉवेल विणत असत. आत्याच्या लग्नासाठी त्यांनी मालकाकडून उचल घेतली होती आणि ती फिटल्याशिवाय दुसरीकडे कामाला जायचे नाही, असे तोंडी ठरले होते. तापाने झालेले खाडे, सूत न आल्यामुळे माग बंद राहिलेले दिवस, यांची मजुरी मिळत नसे. त्या आठवड्याचा हप्ता चुके आणि सुटकेचा दिवस तेवढा पुढे सरके. वडिलांच्या लांबट वहीत प्रत्येक खाड्यापुढे निळ्या पेन्सिलीची फुली असे. अभिनेत्री ऑलिव्हिया डी हॅविलंड यांच्या खटल्याविषयी मी पहिल्यांदा वाचले, तेव्हा डोळ्यांपुढे त्या फुल्याच आल्या.

ऑलिव्हिया यांचा जन्म १९१६ साली टोकियोत, ब्रिटिश आईवडिलांच्या पोटी झाला; त्या वाढल्या मात्र कॅलिफोर्नियातील साराटोगा या लहान गावात. नाट्यदिग्दर्शक मॅक्स राइनहार्ट यांनी शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकात त्यांना हर्मियाची भूमिका दिली, त्यातून १९३५ चा त्याच नावाचा चित्रपट आणि वॉर्नर ब्रदर्स या चित्रपट कंपनीचा करार पदरात पडला. नायक एरॉल फ्लिन यांच्याबरोबरचे त्यांचे आठ चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतले, पण त्यांतील नायिकेच्या वाट्याला बहुधा नायकाची वाट पाहणेच आले, असे मला वाटते. ‘गॉन विथ द विंड’मधील मेलनी ही भूमिका दुसऱ्या निर्मात्याच्या चित्रपटातली होती, ती करू द्यावी म्हणून त्यांनी कंपनीचे प्रमुख जॅक वॉर्नर यांच्या पत्नीला गळ घातली, तेव्हा कुठे परवानगी मिळाली.

त्या काळी हॉलिवूडचे नटनटी ठरावीक पगारावर स्टुडिओला बांधलेले असत. दिलेली भूमिका नाकारली की बिनपगारी निलंबन होई आणि निलंबनाचे दिवस कराराच्या शेवटी जोडले जात. अभिनेत्री बेटी डेव्हिस १९३६ मध्ये याच कंपनीविरुद्ध लंडनच्या न्यायालयात हरल्या होत्या. ऑलिव्हिया यांच्या कराराची सात वर्षे मे १९४३ मध्ये पूर्ण झाली, तेव्हा कंपनीने त्यांना निलंबनाचे पंचवीस आठवडे अजून भरायचे आहेत असे सांगितले. वकील मार्टिन गँग यांनी कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यावर बोट ठेवले: कोणाकडूनही करारापोटी सात वर्षांपलीकडे सक्तीने काम करून घेता येत नाही. कंपनीचे म्हणणे होते की सात वर्षे म्हणजे प्रत्यक्ष कामाची सात वर्षे. डिसेंबर १९४४ मध्ये अपील न्यायालयाने सात वर्षे म्हणजे दिनदर्शिकेवरची सात वर्षे, असा निकाल दिला. आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो आणि पुढे गायक-वादकांच्या करारांच्या वादांतही त्याचा आधार घेतला गेला.

खटला चालू असताना वॉर्नरने इतर स्टुडिओंना पत्रे पाठवून ऑलिव्हिया यांना काम देऊ नये असे कळवले, आणि जवळजवळ दोन वर्षे त्या चित्रीकरणाला उभ्या राहू शकल्या नाहीत. त्या काळात त्यांनी लष्करी रुग्णालयांत जाऊन जखमी सैनिकांची भेट घेतली. मी ही हकिकत आईला सांगितली तेव्हा तिने एवढेच विचारले, “दोन वर्षं घर कशावर चालवलं तिनं?” प्रश्न रास्त होता. ऑलिव्हिया यांच्या गाठीशी नट म्हणून मिळालेला पगार होता. आमच्या घरात दोन आठवडेही निघाले नसते. म्हणूनच वडील कधी न्यायालयात गेले नाहीत, आणि म्हणूनच, जी जाऊ शकत होती ती गेली, याची मला मनापासून किंमत वाटते. तिने केवळ स्वतःची सुटका मागितली असती, तर कंपनीशी तडजोड करून कदाचित ती लवकर मिळालीही असती.

सुटल्यानंतर त्यांनी ज्या भूमिका निवडल्या, त्या पाहिल्या की इतकी वर्षे काय अडवून ठेवले होते ते कळते. ‘टू ईच हिज ओन’साठी त्यांना पहिले ऑस्कर मिळाले. ‘द स्नेक पिट’मध्ये त्यांनी मनोरुग्णालयात डांबलेली स्त्री रंगवली. १९४९ च्या ‘द एअरेस’ने दुसरे ऑस्कर मिळवून दिले. त्यातील शेवटचा प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. पैशासाठी जवळ आलेला आणि एकदा दगा दिलेला माणूस बाहेर दार ठोठावत नायिकेच्या नावाने हाका मारतो आहे. ती आधी भरतकामाचा शेवटचा धागा कापते. मग दिवा उचलते आणि त्या हाका ऐकत, मागे न पाहता, एकेक पायरी चढत वर जाते.