फ्रान्समध्ये पणजोबांचं नाव शोधताना

पुण्याहून युरोपला येणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले ते परत आलेच नाहीत, त्यांचं नाव कुठे असेल? उत्तर आडनावावरून सापडत नाही. पलटण आणि मृत्यूची तारीख हवी. विमानाचं तिकीट काढण्याआधी घरातली जुनी ट्रंक उघडा.

ट्रंकेत पदक असलं तर त्याची कड भिंगाखाली बघा. नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे ठोकलेली असते. ‘ब्रिटिश वॉर मेडल’ हे पदक चांदीऐवजी कांस्याचं निघालं, तर माणूस बहुधा मजूर तुकडीत किंवा फौजेबरोबरच्या कामगारांत होता. कांस्याची मोठी, सुमारे 12 सेंटिमीटरची गोल थाळी असेल, तर तिच्यावर नुसतं नाव मिळेल. हुद्दा नाही, पलटणही नाही. मृताच्या घरी पाठवलेली ती स्मृतिथाळी. शोधाला तिचा उपयोग कमीच.

पलटणीवर एवढं का अडतं? खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर पलटणीच्या, 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या फ्रान्सला आल्या आणि 28 ऑक्टोबर 1914 रोजी न्यूव्ह-शापेल गावावरच्या हल्ल्यात 47व्या शिखांबरोबर लढल्या. त्यांतल्या बेपत्ता जवानांची नावं न्यूव्ह-शापेलच्या स्मारकावर शोधायची. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी मात्र सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेल्या आणि तिथल्या कूतच्या वेढ्यात सापडल्या. त्या जवानांसाठी फ्रान्सला येऊन काहीच हाती लागणार नाही. त्यांचं स्मारक इराकमध्ये बसऱ्याला आहे, आणि तिथे साध्या भारतीय शिपायांची नावं कोरलेलीच नाहीत, फक्त त्यांची संख्या आहे. गोऱ्यांची नावं आणि आपल्यांचा आकडा! ही असमानता युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने 2021च्या अहवालात मान्य केली.

शोध कमिशनच्या संकेतस्थळावर घ्यायचा. ‘भारतीय सैन्य’ आणि पलटण हे दोन निकष लावा, मृत्यूचं वर्ष भरा, नावाचा रकाना रिकामा सोडा आणि आलेली यादी सावकाश वाचा. कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलं, त्यामुळे आडनाव गायब आणि गावाच्या नावाची मोडतोड, हे नेहमीचंच. जिल्हे जुनेच धरा: पूना, रायगडसाठी कुलाबा. वडिलांचं नाव आणि गाव जुळलं की माणूस बहुतेक आपलाच. ‘जमादार’ हुद्दा दिसला तर गोंधळू नका, तो आजचा नायब सुभेदार.

न्यूव्ह-शापेलचं स्मारक लिलच्या नैऋत्येला सुमारे 20 किलोमीटरवर, ला बासेहून एस्तेरला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पॅरिसहून लिलपर्यंत वेगवान गाडीने तासभर. पुढचं खरं त्रासाचं, कारण रविवारी ग्रामीण बसचा भरवसा नसतो. लिलहून भाड्याची गाडी घेणं सोयीचं.

हर्बर्ट बेकर यांनी आखलेल्या आणि 1927 साली खुल्या झालेल्या या वर्तुळाकार स्मारकावर 4,700हून अधिक नावं आहेत. नावं पलटणीनुसार, त्यात हुद्द्यानुसार आणि मग इंग्रजी वर्णक्रमाने लागतात. म्हणून पॅनेलचा क्रमांक आधीच टिपून आणा. फोटो तिरप्या उन्हात घ्या. ऊन थेट समोरून पडलं की अक्षरं सपाट दिसतात. ती उठून दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळू नका. हळद-कुंकूही दगडाला लावू नका. सच्छिद्र दगड रंग पितो आणि डाग राहतो. मेणबत्ती किंवा पणती ठेवायची तर खाली ताटली हवी. फुलं सुटी ठेवा, प्लास्टिकचं वेष्टन काढून.

पूर्वज दुसऱ्या महायुद्धात युरोपात पडलेले असतील तर बहुधा इटलीकडे वळावं लागेल. माणगाव तालुक्यातले व्हिक्टोरिया क्रॉस विजेते यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी तिथेच पडले. त्यांचं नाव कासिनो स्मारकावर आहे.

खडकीच्या 1914-1918 स्मारकावर यांच्यापैकी कोणाला शोधू नका. तिथे प्रामुख्याने भारतातच मरण पावलेले सैनिक आहेत. 1962 साली मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून हलवलेले 629 जण त्यांतलेच.

नोंदीत चूक आढळली तर कमिशनला पुराव्यासह कळवता येतं. पदकाच्या कडेचा फोटो आणि कुटुंब पेन्शनचा जुना कागद जोडा.