सांगलीत आयमॅक्सचा पडदा नाही, मग पत्रं कशाला लिहिता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दुकानात येणारे असोत की घरचे, प्रत्येकाचा प्रश्न हाच: "आयमॅक्सचे ते अवाढव्य पडदे पुण्या-मुंबईला, सिनेमा मोबाईलवरही मिळतो. मग तो मोठ्या पडद्यावर लावा म्हणून तुम्ही पोरं सिनेमा कंपन्यांच्या मागे का लागता?"

माझं सांगलीत विश्रामबागला झेरॉक्सचं दुकान आहे. सातबाऱ्याच्या वरच्या चार आणि खालच्या चार ओळी कापून मी प्रत दिली, तर गिऱ्हाईक ती घेईल का? क्रिस्टोफर नोलनचा अंतराळावरचा सिनेमा 'इंटरस्टेलर' साध्या पडद्यावर पाहताना नेमकं हेच होतं. त्यातला तासाभराहून जास्त भाग आयमॅक्सच्या कॅमेऱ्यावर घेतलाय. साध्या ३५ मिमी फिल्मच्या एका चौकटीला कडेला चार छिद्रं असतात, आयमॅक्सच्या चौकटीला पंधरा. फिल्म पळतेही आडवी. त्यामुळे चौकट मोठी होते आणि चित्र उंच मिळतं: रुंदी उंचीच्या १.४३ पट. साध्या थिएटरात तीच रुंदी २.३९ पट, म्हणजे वरचं-खालचं गेलं. या सिनेमातल्या पाण्याच्या ग्रहावर लाट उठते तेव्हा खाली माणसं आणि वर नुसतं पाणी, हे एका नजरेत मावायला उंचीच लागते. आपल्याकडच्या डिजिटल आयमॅक्स पडद्यांवर १.९० पटीचं चित्र दिसतं. पूर्ण नाही, पण बरंच जास्त. २०२३ साली नोलनच्याच 'ओपनहायमर'च्या ७० मिमी आयमॅक्स प्रिंट जगभरात जेमतेम तीसेक ठिकाणी लागल्या, भारतात एकही नाही. तेव्हापासून आम्ही पोरं जागी झालो.

डिसेंबर २०२४ मध्ये 'इंटरस्टेलर' दहा वर्षांनी परदेशात पुन्हा लागला. आपल्याकडचे आयमॅक्स पडदे तेव्हा 'पुष्पा २'ला गेले होते. त्याचा राग नाही, त्या सिनेमाचे चाहतेही आमच्यासारखेच वाट पाहून बसलेले. पण देशभरातून ओरड झाली आणि ७ फेब्रुवारी २०२५ ला सिनेमा आला. एकाच आठवड्यासाठी! गर्दी झाली, मागणी थांबली नाही, म्हणून मार्चमध्ये तो परत लावला.

आमच्या पत्रांनीच हे झालं असा दावा मी करणार नाही. पण सांगली, मिरज, इस्लामपूरची पोरं एक गोष्ट हट्टानं लिहीत होती, जी पुण्यातला माणूस लिहिणार नाही: खेळ दुपारी ठेवा. असे सिनेमे बऱ्याचदा पहाटे नाहीतर रात्री उशिरा लावतात. इथून पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे, मध्ये खंबाटकीचा घाट. सकाळी सातचा खेळ गाठायचा तर रात्री दोनला निघायचं. त्यात घरून पोरीबाळींना कोण सोडणार? दुपारचा खेळ असला तर आईवडीलही सोबत येतात.

आणि मागणी करणं हे सांगलीला नवीन नाही. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे नाटकासारखे खेळ सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिले, तसं आपल्याकडे व्हावं असं त्यांना वाटलं आणि त्यांनी विष्णुदास भाव्यांना सांगितलं. १८४३ साली मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक 'सीता स्वयंवर' उभं राहिलं. हवंसं वाटलेलं कुणीतरी बोलून दाखवलं, म्हणून ते झालं.

आता नोलनचाच 'द ओडिसी' पूर्णच्या पूर्ण आयमॅक्स फिल्म कॅमेऱ्यांवर घेतलाय. त्यासाठी लिहाल तेव्हा पत्रात गावाचं नाव टाका, किती जण येणार ते टाका, आणि दुपारचा खेळ मागायला विसरू नका.